'-- निवडा --' : ड्रॉपडाउनच्या विरोधात

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय तसा क्षुल्लक वाटेल: वेब फॉर्मवरचा ड्रॉपडाउन. म्हणजे तो चौकोन, ज्याच्या उजव्या टोकाला खाली तोंड केलेला बाण असतो, आत '-- निवडा --' असं लिहिलेलं असतं आणि क्लिक केलं की मारुतीच्या शेपटासारखी यादी उलगडत जाते. वेबसाइटच्या माथ्यावर जे मेनू लोंबकळतात त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये, त्यांचं पाप वेगळं. आजचा राग फक्त फॉर्ममधल्या ड्रॉपडाउनवर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना इथूनच बाही सरसावता येईल. आपण फॉर्मवर जेवढे ड्रॉपडाउन टाकतो त्यातले बहुतेक तिथे असायलाच नकोत. ते युजरच्या सोयीसाठी नसतात, आपल्या सोयीसाठी असतात. आणि गंमत म्हणजे आपलीही सोय त्यातून होत नाही. 'डेटा स्वच्छ राहतो' असं आपण मीटिंगमध्ये ठासून सांगतो ना, ते अर्धसत्य आहे. डेटा स्वच्छ दिसतो. तो खरा असेलच असं नाही.

हे आलं कुठून?

सिलेक्ट टॅग एचटीएमएल २.० मध्ये आहे, आणि ते प्रमाण नोव्हेंबर १९९५ चं. तेव्हाचे मॉनिटर आठवा (किंवा दादाला, काकाला विचारा). स्क्रीन एवढीशी, जोडणी डायल-अप, आणि युजर टाईप करत असताना मागून सर्व्हरला विचारून पर्याय सुचवायची सोयच नव्हती. त्या काळात लांब यादी एका छोट्या चौकोनात दुमडून ठेवणं ही हुशारी होती.

पण डिसेंबर २००४ मध्ये गूगल सजेस्ट आलं आणि टाईप करता करता पर्याय सुचवता येतात हे सगळ्या जगाने पाहिलं. २०१४ मध्ये एचटीएमएल ५ प्रमाण झालं, त्यात डेटालिस्ट नावाचा टॅगच मिळाला. म्हणजे गरज संपून जमाना लोटला, सवय मात्र तशीच. याकोब नील्सनने 'ड्रॉपडाउन जपून वापरा' हे २००० सालीच लिहून ठेवलं होतं. ब्रिटन सरकारच्या डिझाइनच्या नियमावलीत तर सिलेक्टबद्दल स्वच्छ म्हटलंय की लोकांसाठीच्या सेवांमध्ये हा शेवटचा उपाय समजा. आपल्याकडे तो पहिला उपाय असतो. टेबलमध्ये फॉरेन की दिसली रे दिसली की फॉर्मवर ड्रॉपडाउन! खरा उगम हाच आहे. डेटाबेसची रचना आपण उचलून तशीच्या तशी माणसाच्या तोंडासमोर धरतो.

आता एकेक गुन्हा घेऊ.

१. जे बोटांवर आहे त्याची यादी कशाला?

जन्मतारीख. जगात क्वचितच कुणी असेल ज्याला स्वतःची कागदोपत्री जन्मतारीख यादीत बघून आठवते. ती तोंडपाठ असते. आठ आकडे, आठ वेळा बोट टेकवलं की झालं. आपण काय करतो? दिवसाचे ३१, महिन्याचे १२ आणि वर्षाचे साधारण १००, म्हणजे तीन याद्यांत मिळून १४३ पर्याय मांडतो आणि त्यातून तीन शोध म्हणतो. वर्षाची यादी चालू वर्षापासून खाली उतरते. म्हणजे जितकं वय जास्त तितकं स्क्रोलिंग जास्त. ज्याची नजर सगळ्यात अधू आणि बोट सगळ्यात थरथरतं, त्याला सगळ्यात लांब पळवायचं. वा रे युजर फ्रेंडली!

आणि एवढं करून ३१ फेब्रुवारी निवडता येतोच. ते अडवायला तपासणीचा कोड लिहावा लागतोच. मग ड्रॉपडाउनने वाचवलं काय?

कुणी म्हणेल कॅलेंडर लावू. कॅलेंडर पुढच्या आठवड्याचं तिकीट काढायला उत्तम, कारण तिथे वार बघायचा असतो. जन्मतारखेला कॅलेंडर म्हणजे छळ. ज्यात फक्त महिन्याचा बाण आहे अशा कॅलेंडरवर १९५८ साली जन्मलेल्या माणसाला ८०० च्या आसपास वेळा मागे क्लिक करावं लागेल. जन्मतारखेसाठी तीन साधे चौकोन द्या: दिवस, महिना, वर्ष. मोबाइलवर आकड्यांचा कीपॅड आपोआप उघडेल अशी सोय इनपुटमोडने एका ओळीत होते. ब्रिटनवाल्यांची शिफारसही हीच आहे.

हीच गोष्ट कार्डाच्या मुदतीची. कार्डावर छापलेलं असतं ०८/२९. फॉर्मवर ड्रॉपडाउनमध्ये असतं जानेवारी, फेब्रुवारी, मार्च... मग माणूस बोटं मोजत बसतो, आठवा म्हणजे जुलै की ऑगस्ट? अरे, जसं छापलंय तसं लिहू द्या ना!

२. जे कळू शकतं ते विचारता कशाला?

पत्त्याचा फॉर्म बघा. देश, राज्य, जिल्हा, तालुका, शहर, आणि सगळ्यात शेवटी पिन कोड. म्हणजे पाच ड्रॉपडाउन आणि मग तो आकडा, ज्यात यातलं बरंचसं आधीच आहे!

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. सहा आकड्यांत त्यांनी अख्खा देश बसवला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाची छाननी करणारा जिल्हा, शेवटचे तीन डिलिव्हरी करणारं पोस्ट ऑफिस. ४११ म्हटलं की पुणे, ४०३ म्हटलं की गोवा, ४११०३८ म्हटलं की कोथरूड. कॉम्प्युटर घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी केलेलं हे काम आहे, आणि आपण हातात क्लाउड घेऊन ते वापरत नाही.

पिन आधी विचारा. त्यावरून राज्य आणि जिल्हा स्वतः भरा, आणि चुकलं तर बदलायची मुभा ठेवा. (मुभा हवीच. पोस्टाच्या हद्दी आणि महसुलाच्या हद्दी दर ठिकाणी जुळतात असं नाही.) एका पिनखाली चार-पाच गावं येत असतील तर तेवढीच चार-पाच समोर मांडा. अख्ख्या महाराष्ट्रातली ४०,००० हून जास्त गावं तालुक्या-तालुक्यांतून धुंडाळायला लावण्यापेक्षा हे बरं की नाही?

बँकेच्या खात्याचंही तसंच. बँक निवडा, मग राज्य निवडा (थांबा, लोड होतंय...), मग शहर (लोड होतंय...), मग शाखा. आणि त्याखाली: आयएफएससी टाका. अहो, आयएफएससीच्या अकरा खुणांमध्ये पहिली चार अक्षरं बँकेची आणि शेवटच्या सहा खुणा शाखेच्या! मधली पाचवी खूण कायम शून्य असते. तो एक कोड घ्या आणि 'तुमची शाखा हीच ना?' असं विचारा. चार याद्यांऐवजी एक प्रश्न. शिवाय पासबुकातून उतरवताना कुणी त्या शून्याऐवजी इंग्रजी ओ टाकला तर 'चुकीचा कोड' म्हणून लाल अक्षरांत ओरडायचं कारण नाही. तिथे शून्यच असतो हे प्रोग्रॅमला माहीत आहे, त्याने गुपचूप दुरुस्त करावं.

आणि कार्ड व्हिसा की मास्टरकार्ड हे विचारणारा ड्रॉपडाउन अजून कुणाच्या फॉर्मवर असेल तर त्याला साष्टांग दंडवत. कार्ड नंबर ४ ने सुरू झाला की व्हिसा. नंबर टाईप होत असतानाच ते कळतं.

३. यादी गोठते, जग गोठत नाही

ड्रॉपडाउन लिहिताना आपण मनातल्या मनात एक प्रतिज्ञा करत असतो: जगात एवढेच पर्याय आहेत, आणि कायम एवढेच राहणार. ही प्रतिज्ञा कधीच टिकत नाही.

२००७ मध्ये उत्तरांचलचं उत्तराखंड झालं. २०११ मध्ये इंग्रजी ओरिसाचं ओडिशा झालं. २०१४ मध्ये तेलंगण आलं. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्यातून पालघर निघालं आणि आपले जिल्हे ३६ झाले. २०१९ मध्ये लडाख वेगळं झालं. २०२० मध्ये दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. नावं बदलावीत की नाही हा वाद चहाच्या टपरीवर घालू, इथे नको. इथे प्रश्न एवढाच आहे: या प्रत्येक तारखेनंतर तुमच्या यादीतलं नाव कुणी बदललं? कधी? आणि जुन्या नावाने शोधणाऱ्याचं काय?

माझी मावशी धाराशिवला असते. काका गेल्यावर विम्याचा दावा टाकायचा होता. कंपनीचं नाव नको, कारण हे कुठेही होऊ शकतं. बँकेच्या नव्या पासबुकावर जिल्हा धाराशिव, काकांच्या कागदांवर उस्मानाबाद. फॉर्मच्या यादीत मावशीने इंग्रजी डी शोधला. धाराशिव नाही. तिला वाटलं आपला जिल्हाच नाही यांच्याकडे. केंद्रावरच्या मुलाच्या मागे रांग होती, त्याने 'इतर' दाबून फॉर्म पुढे ढकलला. महिन्याभराने उत्तर आलं: पत्ता कागदपत्रांशी जुळत नाही. तीन खेपा झाल्या. तिथे साधा चौकोन असता तर तिने जिल्ह्याचं नाव दोन सेकंदांत लिहिलं असतं, आणि वाचणाऱ्या कुठल्याही माणसाला ते कळलं असतं. न कळणारा एकच जण होता, तो ड्रॉपडाउन. नवरा जाऊन महिना झालेल्या बाईला त्याच्यापायी तीन वेळा एसटीने जावं लागलं.

आता क्रम बघा. इंग्रजी वर्णानुक्रमाने महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत पहिला येतो अहिल्यानगर. (पूर्वी अहमदनगर म्हणूनही तोच पहिला होता. नाव बदललं, नंबर राहिला!) हीच यादी मराठीत लावली की आधी अकोला, मग अमरावती, मग अहिल्यानगर. आता मराठी नावं पण क्रम इंग्रजीचा असलेला फॉर्म उघडा आणि सोलापूर शोधून दाखवा. अकोल्याच्या आधी अहिल्यानगर आणि नागपूरनंतर नांदेड! वाचणाऱ्याला वाटतं यादी पत्त्यांसारखी पिसली आहे. भाषांतर झालं, क्रम लावायचा राहिला. असे फॉर्म मी इतके पाहिलेत की आता हसूही येत नाही.

देशांची यादी तर विनोदी साहित्यात टाकावी. आयएसओच्या प्रमाण यादीत २४९ नोंदी आहेत. त्यात बुव्हे बेट आहे, हर्ड आणि मॅकडोनल्ड बेटं आहेत. तिथे कायमची माणसं राहत नाहीत. बर्फ आहे, सील आहेत, पेंग्विन आहेत. पुण्यातल्या हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सच्या फॉर्मवर पेंग्विनांची सोय केलेली असते, आणि भारत मात्र आइसलंड आणि इंडोनेशियाच्या मध्ये कुठेतरी हरवलेला असतो. कधी कुणी पेंग्विन मेंटेनन्स भरायला आला आहे का?

४. 'इतर' नावाची कचरापेटी

नॉमिनीचं नातं विचारणारा ड्रॉपडाउन आठवा. वडील, आई, पती/पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, इतर. मराठी घरात नात्यांची काय कमी आहे? सून, जावई, पुतण्या, भाचा, नणंद, दीर, आत्या, मामी. हे सगळं 'इतर'मध्ये जातं. काही उदार फॉर्मवर 'नेफ्यू' असतं, म्हणजे पुतण्या आणि भाचा एकाच पिशवीत! वारसाहक्काच्या भांडणात भावाचा मुलगा की बहिणीचा मुलगा या एका गोष्टीवर कोर्टात वर्षं जाऊ शकतात. आणि आपण म्हणणार, डेटा स्वच्छ आहे.

ज्या यादीत 'इतर'वर गर्दी होते ती यादी नापास झाली असं समजावं. तुमच्याकडे डेटाबेस आहे ना? सोमवारी मोजा. 'इतर' पहिल्या तीनांत असेल तर तुमच्या स्वच्छ डेटाचा एक मोठा हिस्सा 'आम्हाला माहीत नाही' एवढंच सांगतोय.

आणखी एक, संबोधनाचा ड्रॉपडाउन: श्री, श्रीमती, कुमारी. पुरुषाला 'श्री' म्हणून सोडून देता आणि बाईला मात्र लग्न झालंय का ते विचारता, तेही वीजबिलाच्या फॉर्मवर. काय करता त्या माहितीचं? पत्राच्या मथळ्यावर छापता. मला एकदा एक पत्र आलं होतं, त्यावर माझ्या नावाआधी छापलं होतं '-- निवडा --'. निवडायचं राहून गेलं आणि यादीची पहिली ओळ थेट डेटाबेसमध्ये जाऊन बसली. स्वच्छ डेटा, दुसरं काय!

५. स्वच्छ म्हणजे खरा नव्हे

इथे मूळ मुद्द्याला येतो. ड्रॉपडाउनच्या बाजूने सगळ्यात जड युक्तिवाद हाच असतो की मोकळा चौकोन दिला तर लोक 'पुणे', 'पुना', 'पूना', 'पुणें' काहीही लिहितात, रिपोर्ट बिघडतात. खरं आहे. मी ही अडचण नाकारत नाही. ज्याने असा डेटा साफ केलाय त्याला ते दुःख माहीत आहे.

पण दोन चुकांमधला फरक बघा. कुणी 'पुना' लिहिलं तर ती चूक दिसते. ती ओळखता येते, दुरुस्त करता येते, आणि पुण्याच्या माणसाने पुण्याबद्दलच लिहिलंय हे पक्कं कळतं. ड्रॉपडाउनमध्ये बोट घसरून पुण्याच्या खालचं रायगड निवडलं गेलं तर ती चूक दिसतच नाही. रायगड हे अगदी शुद्ध, प्रमाणित, फॉरेन की ला चालणारं उत्तर आहे. फक्त खोटं आहे. पहिल्या चुकीला दुर्गंधी येते म्हणून आपण ती साफ करतो. दुसरीला अत्तर लावलेलं असतं.

आणि अशा चुका ड्रॉपडाउन स्वतः घडवून आणतो. पहिला पर्याय आधीच निवडलेला ठेवला की घाईतली माणसं तोच सोडून पुढे जातात. ड्रॉपडाउनवर फोकस असताना माउसचं चाक फिरवलं की पान सरकायच्या ऐवजी उत्तरच बदलायचं, असे ब्राउझर आपण वर्षानुवर्षं वापरलेत. युजरला पत्ता नाही, फॉर्म सबमिट.

राहिली सुरक्षितता. 'यादीतलंच मूल्य येणार, मग सर्व्हरवर तपासायची गरज काय?' असं म्हणणारा माणूस तुमच्या टीममध्ये असेल तर त्याला प्रेमाने बाजूला घ्या. ब्राउझरमधून जाणारी रिक्वेस्ट कुणीही हाताने बदलून पाठवू शकतो. सिलेक्ट टॅग म्हणजे कुलूप नव्हे, दारावर काढलेलं कुलपाचं चित्र आहे. सर्व्हरवर तपासणी करायचीच आहे, आणि ती करायचीच असेल तर युजरच्या बोटांना बेड्या घालण्यात काय हशील?

६. 'पण...' म्हणणाऱ्यांसाठी

'जागा वाचते.' कुणाची? वेबवर जागा फुकट आहे. हो/नाही एवढ्या उत्तराला ड्रॉपडाउन लावून तुम्ही दोन ओळी वाचवता आणि माणसाकडून एका क्लिकऐवजी दोन क्लिक घेता. वर, उघडेपर्यंत पर्याय काय आहेत हेच त्याला कळत नाही. दोन ते सहा-सात पर्याय असतील तर रेडिओ बटणं समोर मांडा. माणूस एका नजरेत सगळं बघतो, तुलना करतो, टिचकी मारतो. झालं.

'कीबोर्डने अक्षर दाबलं की यादी तिथे उडी मारते.' मारते. पण हे तुम्हाला माहीत आहे, माझ्या मावशीला नाही. शिवाय ती उडी नावाच्या सुरुवातीवरच मारते. 'संभाजीनगर' टाईप करणाऱ्याला 'छत्रपती'ने सुरू होणारी नोंद सापडत नाही.

'मग लांब यादीचं काय करायचं?' याचं उत्तर देशाने रेल्वेत पाहिलंय. स्टेशनं हजारो आहेत. तिकीट काढताना तुम्ही ती यादी स्क्रोल करता का? नाही. 'मिर' टाईप करता, मिरज समोर येतं. कोड माहीत असेल तर एमआरजे टाका, तरी येतं. कुणी सात हजार ओळींचा ड्रॉपडाउन मांडला असता तर लोकांनी त्याची खिडकीवरच पूजा केली असती. लांब आणि ओळखीच्या यादीला टाईप करून सुचवणारा चौकोन लावा. त्यात टोपणनावं घाला: औरंगाबाद, संभाजीनगर, छ. संभाजीनगर, इंग्रजी, मराठी, सगळं टाकलं तरी एकच जिल्हा सापडला पाहिजे. 'पुना' लिहिणाऱ्यालाही पुणे सुचवा. स्पेलिंगचा प्रश्न इथे सुटतो, आणि रिपोर्टवाले खूश. डेटालिस्टचं वागणं ब्राउझरनुसार बदलतं, म्हणून आधी तपासून घ्या. आणि यादीत नसलेलं उत्तर लिहायला वाट ठेवा.

'आम्ही सुंदर कस्टम ड्रॉपडाउन बनवलाय.' बाप रे. डिव्हवर डिव्ह रचून बनवलेल्या त्या ड्रॉपडाउनवर टॅब चालतो का? बाणांच्या कळा चालतात का? स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध माणसाला तो ड्रॉपडाउन आहे हे तरी कळतं का? ब्राउझरच्या मूळ सिलेक्टला हे सगळं फुकट येतं. दिसण्याचाच हट्ट असेल तर २०२५ पासून क्रोममध्ये मूळ सिलेक्टलाच सीएसएसने हवं तसं सजवता येतं. वाईट ड्रॉपडाउनपेक्षा वाईट एकच गोष्ट आहे, आपण स्वतः बनवलेला ड्रॉपडाउन.

'क्लायंटला हवाय.' क्लायंटला अर्ज पूर्ण भरून यायला हवेत. ड्रॉपडाउन हा शब्द त्याने तुमच्याकडूनच उचललाय.

७. मग वापरायचा तरी कधी?

नुसतं झोडपून पळणं बरं नाही, म्हणून माझी मोजपट्टी सांगतो. ड्रॉपडाउन टाकण्याआधी ओळीने विचारा:

एक, हे विचारायलाच हवं का? नसेल तर काढा. (संबोधन!)
दोन, दुसऱ्या उत्तरावरून कळतं का? कळत असेल तर स्वतः भरा. (राज्य, बँकेची शाखा, कार्डाचा प्रकार.)
तीन, माणसाला ते पाठ आहे का? असेल तर लिहू द्या. (जन्मतारीख, वय, संख्या.)
चार, पर्याय थोडेच आहेत का? मग रेडिओ बटणं. (हो/नाही, लिंग, पैसे भरायचा मार्ग.)
पाच, यादी लांब आणि ओळखीची आहे का? मग टाईप करून सुचवा. (जिल्हा, स्टेशन, देश.)

या पाच चाळण्यांतून जे उरेल त्याला खुशाल ड्रॉपडाउन लावा. उरतं का काही? उरतं. रक्तगट घ्या. नेहमीचे पर्याय आठ. दरवर्षी बदलत नाहीत. टाईप करायला लावलं तर कुणी 'बी पॉझिटिव्ह' लिहिल, कुणी 'बी प्लस', आणि बेरीज-वजाबाकीच्या एका चिन्हाची चूक इथे महागात पडते. यादीतून निवडणं इथे शहाणपणाचं आहे. पण तिथेही तीन पथ्यं: पहिली ओळ रिकामी ठेवा, कुठलाच गट आधी निवडलेला नको. 'माहीत नाही' हा पर्याय ठेवा, नाहीतर माणूस अंदाजाने काहीतरी ठोकून देतो. आणि यादीच्या बाहेरची वाट ठेवा. कारण १९५२ साली आपल्या मुंबईतच डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रक्तगट शोधला जो या आठांत बसत नाही. जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. त्या माणसाला नेहमीच्या तपासणीत ओ समजलं जाऊ शकतं आणि ओ गटाचं रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणजे ड्रॉपडाउनसाठी मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण, आणि तिथेही यादी अपुरी!

म्हणूनच म्हणतो, यादी ही आपली समजूत असते. तिच्यात न बसणारा माणूस चुकीचा नसतो, यादी अपुरी असते. पण '-- निवडा --' च्या खाली आपण माणसाला उलटंच सांगत असतो: तू यात कुठेतरी बसलंच पाहिजेस, नाहीतर पुढचं बटण चालणार नाही. कागदी फॉर्मवर निदान समासात लिहायची सोय होती. कारकून कुरकुरायचा, पण वाचायचा. आपण तो समासही काढून टाकला.

असो. फार झालं. उद्या सोमवार. ऑफिसात गेल्यावर चहाच्या आधी एक करा: आपल्या प्रोजेक्टचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा फॉर्म मोबाइलवर उघडा आणि त्यातले ड्रॉपडाउन मोजा. मग वरच्या पाच चाळण्या लावा. दहातले दोन उरले तर तुमचं अभिनंदन. दहाच्या दहा उरले तर चाळणीला भोकं आहेत का ते परत बघा.